चाळिशीत पुन्हा मारिओ!

मे महिन्याची दुपार, एक टीव्ही, दोन रिमोट आणि सहा पोरं. ‘मेलास की रिमोट द्यायचा’ हा एकच कायदा! १९९०च्या दशकात देशातल्या असंख्य मध्यमवर्गीय घरांनी हे दृश्य पाहिलं. ती पोरं आता चाळिशीला आली आहेत. नोकरी, हप्ते, मुलांच्या शाळा या सगळ्यातून वेळ काढून त्यांच्यातले कित्येक जण पुन्हा तेच खेळ खेळू लागलेत. हा निव्वळ पोरकटपणा म्हणायचा का?

‘समुराई’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ ही नावं आठवतात? जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं यंत्र आणलं. आपल्या बाजारात आलेले बहुतेक संच म्हणजे त्याच्याच नकला. ‘९९९९ इन वन’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ उलटसुलट भरलेले असत. आणि कॅसेट चालली नाही की फुंकर! खरं तर फुंकरीने काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पट्ट्यांचा संपर्क नीट जुळे, एवढंच. उलट फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या गंजायच्या.

मोठेपणी खेळताना अशा गोष्टींचं कुतूहल वाटू लागतं. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा! आज मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा त्याहून कितीतरी मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडपं एकाच आकाराची काढली. एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा. लहानपणी हजार वेळा पाहूनही हे कुणाच्या लक्षात आलं होतं?

‘काँट्रा’मध्ये तीस लाइफ मिळवण्याची युक्तीही आठवत असेल. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, मग बी आणि ए. ही युक्ती कझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ मध्ये ‘ग्रॅडियस’ हा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करताना तपासणीत तो त्यांना स्वतःलाच फार कठीण जात होता, म्हणून त्यांनी ही पळवाट ठेवली. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं.

याच ‘काँट्रा’त धबधब्याचा टप्पा आहे. दोघांनी मिळून वर चढत जायचं. एक जण घाईने वर गेला की पडदाही वर सरकतो आणि मागे राहिलेला मरतो. लहानपणी यावरून भावंडांची भांडणं जुंपत. आज आठ वर्षांच्या मुलीबरोबर खेळणाऱ्या बापाला मात्र थांबावंच लागतं. तिची उडी चुकते, तो वाट पाहतो. दिवसभर ‘चल, आटप लवकर’ म्हणणाऱ्या माणसाला हे जमणं ही काय लहान गोष्ट आहे?

आणखी एक फरक ध्यानात घ्या. जुने खेळ संपत. मारिओचे आठ जगांत मिळून ३२ टप्पे, ‘काँट्रा’चे आठ. मोबाइलवरचे अनेक खेळ मात्र संपतच नाहीत. रोज या, बक्षीस घ्या, पैसे भरा! जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ आजारांच्या वर्गीकरणात घेतला असून हे वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर कामांपेक्षा खेळाला जास्त महत्त्व देणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, ही त्याची लक्षणं. ती जशी मुलांना लागू, तशीच आई-बाबांनाही.

माळ्यावरचा जुना संच काढणार असाल, तर एक सूचना. ‘डक हंट’ची बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालणार नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला डोळा तो टिपतो. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे नेम हुकतो. बाकीचे खेळ मात्र खुशाल खेळा. आणि दुसरा रिमोट रिकामा ठेवू नका. भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जे कुणी घरात असेल, त्याच्या हातात द्या.