सुतारकामाचे सर

शाळेच्या आठवणी निघाल्या की गणिताच्या सरांची छडी, मराठीच्या बाईंचा आवाज, मुख्याध्यापकांच्या चपलांची चाहूल यांवर घटकाभर तरी गप्पा रंगतात. एका माणसाची आठवण मात्र सर्वांत शेवटी निघते. त्याचा वर्ग मुख्य इमारतीत नसायचा. मैदानापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये करवतीचा आवाज आणि सागाच्या भुश्शाचा वास, हीच त्या वर्गाची पाटी. हजेरीपत्रकात हुद्दा काहीही असो, मुलांच्या लेखी ते ‘सुतारकामाचे सर’!

जालना, अंबड, परतूर, भोकरदन या परिसरात हा विषय ज्या शाळांत शिकवला गेला, तिथली ती पिढी आता निवृत्त झाली आहे. काही जण आपल्यात राहिलेलेही नाहीत. त्यांच्या नावाने पुरस्कार नाहीत, चौक नाहीत. मग त्यांनी मागे ठेवले तरी काय?

हाताचे कसब या मातीला नवे नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती सापडली आणि तिचे साम्य थेट इटलीतल्या पाँपेई नगरीत सापडलेल्या मूर्तीशी आढळले. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेलेले ते पाँपेई! मूर्ती घडवणाऱ्याचे नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. कारागिराचे नाव मागे राहत नाही, ही आपली रीत तेवढी जुनी आहे.

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. तिफण, वखर, बैलगाडी घडवायची, दुरुस्त करायची आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते न्यायचे. विद्या बापाकडून मुलाकडे जायची. इतरांना ती शिकण्याची गरजही वाटत नसे आणि मुभाही नसे. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. वर्धा जालन्यापासून फार दूर नव्हते, पण मध्ये निजामी राजवटीची हद्द होती. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला. पुढे 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द शिक्षणात रुजवला. युरोपात ही वाट त्याआधीच मळलेली होती. फिनलंडमध्ये 1866 पासून मुलांना हस्तकाम सक्तीचे झाले, तर स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी सुतारकाम शिकवणारे शिक्षक घडवण्यासाठी शाळाच काढली. सुतार तयार करणे हा त्यांचा हेतू नव्हता. हाताला वळण, नजरेला माप आणि श्रमाविषयी आदर, एवढे मुलाला मिळावे हे त्यांचे म्हणणे.

आपल्या सरांनी सालोमन वाचला असेल-नसेल. काम मात्र तेच केले. एकाच बाकावर शेतकऱ्याचा, व्यापाऱ्याचा आणि सुताराचा मुलगा उभा राहिला. तिघांच्या हाती सारखाच तुकडा, सारखाच रंधा. जातीला चिकटलेला व्यवसाय वेळापत्रकातला एक तास झाला, ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि त्या तासाला बहुधा सुताराच्याच मुलाचा पहिला नंबर यायचा! एरवी मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या पोराला आपल्या बापाची विद्या ही विद्या आहे, हे तिथे प्रथम कळायचे.

या वर्गात गणित आणि विज्ञान दोन्ही असायचे, फक्त त्यांची नावे घेतली जात नसत. चौकट काटकोनात आहे का? एका बाजूला तीन वीत, दुसऱ्या बाजूला चार वीत मोजा. तिरके अंतर पाच वीत आलेच पाहिजे. पायथागोरस भेटायचा तो असा. पावसाळ्यात दार अडकते आणि जालन्याच्या उन्हाळ्यात त्याच्या फटी का दिसतात? लाकूड हवेतला ओलावा पिते आणि सोडते. लांबीत ते फारसे बदलत नाही, रुंदीत बदलते. म्हणून जाणता कारागीर दाराच्या चौकटीतली मधली फळी खाचेत मोकळी ठेवतो, तिला सरस लावत नाही. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान का? ती तापवून फुगवायची, चढवायची आणि वर पाणी ओतायचे. आकसताना ती सारे आरे आवळून धरते. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले, त्याला उष्णतेने होणारे प्रसरण पाठ करावे लागत नाही.

आणि सर्वांत मोठा धडा संयमाचा. चुकलेले गणित खोडता येते. कापलेले लाकूड वाढत नाही.

अशा सरांचे घर कसे ओळखावे? दारातच ओळखू येते. देव्हारा हातचा, पाट हातचे, पोळपाटही हातचा. त्या पिढीतल्या पुरुषांना मायेचे शब्द फारसे बोलता येत नसत. मुलीच्या सासरी जाताना ते निरोपाचे चार शब्द बोलले नसतील, पण नातवंडाची चाहूल लागताच शेडमध्ये रंधा फिरू लागायचा. आधी पाळणा, वर्षभराने पांगुळगाडा. त्याची कड बाळाच्या हाताला बोचू नये म्हणून कानस आणि काचकागद यांनी तासन्‌तास घासलेली. ‘जीव लावणे’ म्हणजे काय, हे त्या कडेवरून बोट फिरवले की समजते.

आता प्लायवुड आले, विजेची करवत आली. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. कष्ट वाचले, घरे सजली. परंतु या विषयाचे तास परीक्षेच्या ओझ्याखाली आक्रसत गेले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे सुचवले आहे आणि त्या कारागिरांत सुताराचा उल्लेख आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी, मराठवाडा मुक्तीच्याच तारखेला, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातील अठरा व्यवसायांतही सुतारकाम आहे. धोरणे कागदावर आली. पण मुलाचा हात धरून करवत कशी चालवायची, हे कागद सांगत नाही. ते ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावी असे सर असतील तर येत्या सुट्टीत मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा. सत्काराची शाल नेली नाहीत तरी चालेल. एखादा डुगडुगणारा पाट मात्र आवर्जून न्या. तो कुठल्या लाकडाचा आहे, सांधा कुठे सैल झाला, हे ते मुलांना विचारतील. मग चष्मा पुसतील आणि आतून पटाशी आणायला सांगतील. पुढचा तासभर तुम्ही काही बोलू नका.