परदेशातील कायम वास्तव्याचा हक्क आणि दीर्घ गैरहजेरी

शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्ताने परदेशी गेलेली मुले-मुली आता आपल्यात दुर्मीळ राहिलेली नाहीत. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी आज अमेरिकेत, कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये आहे. ही मुले पुढे तेथील नागरिक होतात आणि आई-वडिलांना बोलावून घेतात. साठी उलटलेल्या आई-वडिलांच्या हाती मग ग्रीन कार्ड येते. परंतु गावाकडचे घर, अंथरुणाला खिळलेली आई, लग्नाची राहिलेली धाकटी बहीण ही सारी ओढ इकडेच असते. दोन महिन्यांसाठी म्हणून आलेला माणूस दोन वर्षे अडकून पडतो, आणि परत निघताना त्याला कळते की, दार पहिल्यासारखे उघडे राहिलेले नाही. या विषयावर सभासद आमच्याकडे वारंवार विचारणा करतात. सबब प्रस्तुत लेखात अमेरिकेतील नियम मुख्यतः आणि कॅनडा व ब्रिटनचे थोडक्यात समजावून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम एक उदाहरण पाहू. आमच्या परिचयातील एक निवृत्त शिक्षिका २०१७ साली मुलाकडे न्यू जर्सीला गेल्या व कायम रहिवासी झाल्या. जानेवारी २०२० मध्ये त्या तीन महिन्यांसाठी नागपूरला आल्या. एप्रिलचे परतीचे तिकीट काढलेले होते. मार्चमध्ये कोरोनामुळे नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली. जूनमध्ये त्यांच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. बाई एकुलती एक मुलगी, दुसरे करणारे कोणी नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आई गेली. पाठोपाठ दुसरी लाट आली आणि बाई स्वतःच आजारी पडल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या मुंबई विमानतळावर पोहोचल्या तेव्हा विमान कंपनीने त्यांना चढू दिले नाही. "माझे कार्ड २०२७ पर्यंत चालते, त्यावर तारीख छापली आहे," असे त्या सांगत राहिल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ते अपुरे होते.

कार्ड वेगळे, हक्क वेगळा

येथेच बहुतेकांची गफलत होते. कार्डावरील दहा वर्षांची मुदत ही कार्डाची मुदत आहे, हक्काची नव्हे. कार्डाची मुदत संपली म्हणून वास्तव्याचा हक्क संपत नाही. कार्ड नवे करून घ्यावे लागते, इतकेच. उलट, कार्डाची मुदत शिल्लक असूनही हक्क धोक्यात येऊ शकतो. कायम रहिवासी याचा अर्थ त्या देशात कायमचे घर असलेला माणूस. ते घर त्याने सोडले, असे ठरले की हातातले कार्ड कोरे असूनही उपयोगाचे राहत नाही. विवाहाच्या आधारे ज्यांना दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळालेले असते, त्यांची गोष्ट याहून निराळी आहे. त्यांनी मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत अट काढून टाकण्याचा अर्ज केलाच पाहिजे. ते भारतात असले तरी त्यातून सुटका नाही.

सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षे

गैरहजेरीचे तीन टप्पे ध्यानात ठेवावेत. सलग १८० दिवसांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेल्या माणसाला परतताना सहसा अडचण येत नाही. १८० दिवस ओलांडले की तो कायद्याच्या दृष्टीने नव्याने प्रवेश मागणारा ठरतो आणि अधिकारी अधिक चौकशी करू शकतो. सलग एक वर्ष वा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसते ग्रीन कार्ड हे प्रवेशाचे कागदपत्र म्हणून चालत नाही. आमच्या परिचयातील बाईंची अडचण हीच होती.

वर्षापेक्षा जास्त काळ बाहेर राहावे लागणार हे आधीच दिसत असेल, तर निघण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवाना, म्हणजेच री-एन्ट्री परमिट घ्यावे. त्यासाठी आय-१३१ हा अर्ज असतो. अर्ज करताना अर्जदार अमेरिकेच्या भूमीवर हजर असला पाहिजे. भारतात आल्यावर येथून हा अर्ज करता येत नाही. त्यानंतर बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी बोलावणे येते. ते उरकून मगच निघावे. परवाना हाती येईपर्यंत थांबण्याची गरज नसते, तशी मागणी केल्यास तो परदेशातील दूतावासात पाठविला जातो. हा परवाना साधारणतः दोन वर्षांचा असतो आणि त्याची मुदत वाढवून मिळत नाही. पुन्हा हवा असल्यास पुन्हा अमेरिकेत जाऊन नवा अर्ज करावा लागतो. मागील पाच वर्षांपैकी चारहून अधिक वर्षे बाहेर काढलेल्या माणसाला सामान्यतः एकच वर्षाचा परवाना मिळतो. परवाना हाती असला म्हणजे सर्व काही झाले, असेही नाही. एवढ्या काळाची गैरहजेरी हेच घर सोडल्याचे कारण धरता येत नाही, इतकेच संरक्षण त्यात आहे.

"सहा महिन्यांनी एकदा जाऊन यायचे" हा समज

सहा महिन्यांनी एकदा जाऊन पंधरा दिवस राहून आले की कार्ड शाबूत राहते, असा समज आपल्याकडे फार रूढ आहे. तो खरा नाही. १९७५ साली अमेरिकेच्या स्थलांतर अपील मंडळापुढे केन या नावाने ओळखले जाणारे प्रकरण आले होते. मूळची जमैकाची एक स्त्री वर्षातले सुमारे अकरा महिने जमैकात निवासगृह चालवीत असे व महिनाभर अमेरिकेत राहत असे. तिने वास्तव्याचा हक्क सोडला आहे, असा निर्णय झाला. त्या निर्णयात ज्या कसोट्या घातल्या गेल्या त्या आजही लावल्या जातात. माणूस कशासाठी गेला? त्याच्या परतण्याला काही ठरावीक काळ किंवा घटना होती काय? त्याचे घर, नोकरी आणि जवळची माणसे कोठे आहेत? केवळ मनात परतण्याची इच्छा होती, एवढे पुरेसे ठरत नाही. ती इच्छा कृतीतून दिसली पाहिजे. १९८८ च्या हुआंग प्रकरणात मात्र एक दिलासाही आहे. हक्क सोडला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे आणि त्यासाठी स्पष्ट व खात्रीलायक पुरावा लागतो, हे त्यात मान्य केले आहे.

विमानतळावरील सही

म्हणूनच आय-४०७ या अर्जाविषयी प्रत्येकाने जाणून घेतले पाहिजे. कायम वास्तव्याचा हक्क आपण स्वेच्छेने सोडतो, असे लिहून देण्याचा हा अर्ज आहे. विमानतळावर चौकशीच्या वेळी घाबरून, थकून, इंग्रजी नीट न कळल्याने काही वडीलधारी माणसे त्यावर सही करून मोकळी होतात. ही सही करणे बंधनकारक नाही. सही नाकारणाऱ्याला स्थलांतर न्यायाधीशापुढे आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे, आणि तेथे अंतिम निर्णय होईपर्यंत त्याचा हक्क संपुष्टात येत नाही. कळत नसलेल्या कागदावर सही करू नये, हे सावकारी पाशातून आपल्या वाडवडिलांनी शिकलेले शहाणपण येथेही तितकेच लागू आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांना खरोखरच उरलेले आयुष्य गावी काढायचे आहे आणि मुला-नातवंडांकडे अधूनमधून जायचे आहे, त्यांनी विचारपूर्वक हा अर्ज भरून कार्ड परत करणे व पुढे पर्यटक व्हिसा मागणे हा सरळ मार्ग आहे. व्हिसा मिळेलच अशी हमी नसते. पण दोन्हीकडे घर असल्याचा देखावा करण्यापेक्षा तो बरा. फक्त तो निर्णय घरी बसून, कुटुंबाशी बोलून घ्यावा. रांगेत उभे राहून नव्हे.

परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा

वर्ष उलटून गेले आहे आणि परवानाही नाही, अशा माणसासाठी एसबी-१ हा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा आहे. त्यासाठी अमेरिकी वाणिज्य दूतावासात डीएस-११७ हा अर्ज करावा लागतो. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. निघताना आपण कायम रहिवासी होतो. निघताना परतण्याचा इरादा होता आणि तो पुढेही टिकून राहिला. आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने, ज्याला आपण जबाबदार नव्हतो. अर्ज मंजूर झाल्यास वैद्यकीय तपासणी व व्हिसाची मुलाखत पुन्हा होते.

त्या शिक्षिकेला मुंबईच्या दूतावासात नेमका प्रश्न विचारला गेला: २०२० च्या मध्यापासून अमेरिकेला खास विमाने जात होती, मग आपण का गेला नाहीत? बाईंनी आईच्या रुग्णालयाचे कागद पुढे ठेवले. सोबत मृत्यूचा दाखला, स्वतःच्या आजारपणाचे कागद, एप्रिल २०२० चे रद्द झालेले तिकीट, न्यू जर्सीच्या बँकेचे खातेपुस्त आणि दरवर्षी भरलेले अमेरिकी प्राप्तिकराचे विवरणपत्र होते. त्यांचा अर्ज मंजूर झाला. शाळेत असताना हजेरीपट जपण्याची सवय होती, ती कामी आली, असे त्या म्हणतात. कागद नसते तर तीच सत्य हकीकत अधिकाऱ्याला केवळ एक कहाणी वाटली असती.

अर्ज नामंजूर झाल्यास सर्वांची स्थिती सारखी नसते. नागरिक असलेला, २१ वर्षे पूर्ण केलेला मुलगा वा मुलगी आई-वडिलांसाठी नव्याने अर्ज करू शकते, आणि त्या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. परंतु भावा-बहिणीच्या नात्याने किंवा नोकरीतून ज्यांनी हक्क मिळविला, त्यांना पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. भारतीयांसाठी या रांगा दहा वर्षांहूनही लांब आहेत.

बाळंतपण आणि शिक्षण

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. कायम रहिवासी असलेली आई तात्पुरती भारतात आली असता मूल झाले, तर त्या मुलाला वेगळा व्हिसा न घेता नेता येते. मात्र मूल दोन वर्षांचे होण्यापूर्वी, आणि जन्मानंतरच्या पालकाच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात त्याला सोबत नेले पाहिजे. एकदा मूल आजीकडे ठेवून आई-वडील एकटे जाऊन आले की ही सवलत हातची जाते.

विद्यार्थ्यांसाठीही एक सूचना आहे. ग्रीन कार्डधारक आई-वडिलांची मुले वैद्यकीय शिक्षणासाठी इकडे येतात. शिक्षणाला ठरावीक शेवट असतो, त्यामुळे तो तात्पुरता मुक्काम मानला जाऊ शकतो. पण पाच-साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांच्या एका परवान्यात बसत नाही. सुटीत परत जाऊन नवा परवाना मागणे, घराचा पत्ता व संबंध तेथेच ठेवणे हे पहिल्या वर्षापासून ठरवावे. हेही लक्षात असावे की, आई-वडिलांनी हक्क सोडला असे ठरल्यास त्यांच्या ताब्यातील अज्ञान मुलांनाही ते लागू होते.

नागरिकत्वाचा हिशेब वेगळा

पुनर्प्रवेश परवान्याने वास्तव्याचा हक्क टिकण्यास मदत होते. नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य टिकत नाही. नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांचे सलग वास्तव्य आणि त्यात किमान ३० महिने प्रत्यक्ष हजेरी लागते. सहा महिन्यांहून अधिक गैरहजेरीने सलगता तुटल्याचे गृहीत धरले जाते, पण पुराव्याने ते खोडता येते. पूर्ण वर्षाच्या गैरहजेरीने मात्र ती तुटतेच.

कॅनडा आणि ब्रिटन

कॅनडाचा नियम आकड्यांचा आहे. २८ जून २००२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार कोणत्याही पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिले पाहिजे. हे दिवस सलग असण्याची गरज नाही. कॅनडाचा नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात काढलेले दिवसही त्यात धरले जातात. दिवस कमी पडले तरी माणुसकीच्या कारणांचा विचार करण्याची तरतूद आहे. ब्रिटनमध्ये अनिश्चित काळ राहण्याची परवानगी असलेला माणूस सलग दोन वर्षांहून अधिक बाहेर राहिला, तर ती परवानगी सर्वसाधारणपणे आपोआप संपते. मग परतणारा रहिवासी म्हणून नव्याने अर्ज करून त्या देशाशी दृढ संबंध असल्याचे दाखवावे लागते.

काय करावे

१. निघण्यापूर्वी परतीचे तिकीट काढावे आणि ते बदलले वा रद्द झाले तर त्याचा कागद ठेवावा.
२. अमेरिकेतील प्राप्तिकर विवरणपत्र दरवर्षी भरावे. भारतातील निवृत्तिवेतन व घरभाडेही त्यात दाखवावे लागते. अनिवासी म्हणून विवरणपत्र भरणे हा आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो.
३. तेथील बँक खाते, वाहन परवाना व राहत्या घराचा पत्ता चालू ठेवावा. अमेरिकेत पत्ता बदलल्यास दहा दिवसांत कळवावे.
४. रुग्णालयाचे कागद, मृत्यूचे दाखले, कोर्टाच्या तारखा, जे काही मुक्काम लांबण्याचे कारण असेल, त्याचे कागद तारीखवार लावून ठेवावेत.
५. जुना पासपोर्ट टाकू नये. येण्याजाण्याचे शिक्के त्यातच असतात.
६. अकरावा महिना लागण्यापूर्वी निर्णय घ्यावा. वर्ष उलटल्यावर उपाय आहेत, पण ते अवघड आहेत.
७. शुल्क व अर्जाचे नमुने बदलत असतात. ते अर्जाच्या वेळी अधिकृत ठिकाणी पाहावेत, आणि गुंतागुंतीच्या प्रकरणी दलालाकडे न जाता परवानाधारक वकिलाचा सल्ला घ्यावा.

आजारी आईजवळ राहणे हा काही गुन्हा नाही, आणि कायदाही तसे म्हणत नाही. कायदा एवढेच विचारतो की, तुमचे घर कोठे आहे आणि तुम्ही परतणार होता याचा पुरावा काय. ज्या घरातून कोणी परदेशी गेले आहे, त्या घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी आज एक दिवस काढावा, आई-वडिलांचे कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावावेत आणि कार्डावर नव्हे तर कॅलेंडरवर खूण करून ठेवावी, एवढेच या निमित्ताने आम्हांला सुचवावेसे वाटते.