घडीच्या नकाशातील हैदराबाद

प्रवासी नकाशा मुळातच अल्पायुषी. वेळापत्रक बदलले की तो रद्दीत जावयाचा. एखाद्या ग्रंथालयाने घड्यांवर विरलेली प्रत जपली, तरच तो पुढील पिढीच्या दृष्टीस पडतो. निजाम रेल्वेचे जुने नकाशे असे जपण्याजोगे आहेत. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादेस आलेला लोहमार्ग ब्रॉडगेज होता. त्यानंतर पाव शतकाने हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करीत मनमाडला पोहोचलेला मार्ग मात्र मीटरगेज. कागदावर मनमाडला ही रेषा मुंबईच्या रेषेस सहज मिळते. प्रत्यक्षात तेथे प्रवाशाने गाडी बदलावी आणि हमालांनी माल उतरवून पुन्हा भरावा, असा प्रकार होता. वेरूळची लेणी पाहावयास निघालेल्या पाहुण्यास ही गैरसोय घटकाभराची. मराठवाड्यातून मुंबईस जाणाऱ्या कापसाला ती नित्याचीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, नकाशावरील सीमेचा रंग पालटला. मनमाडची ती अदलाबदल मात्र चालूच राहिली. औरंगाबादपर्यंत ब्रॉडगेज रूळ पडावयास १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले.