पंखा बदला, विमानाचा स्वभाव बदलतो!

छोट्या विमानाच्या पंख्याच्या टोकाशी असलेला एकच ग्रॅम. इंजिन पूर्ण जोरात फिरू लागलं की हा ग्रॅम पात्याला बाहेरच्या बाजूला जवळजवळ ८ किलोच्या जोरानं ओढतो! हा हिशेब सेसना १७२ एस या जगभरच्या फ्लाइंग क्लबांच्या लाडक्या विमानाचा आहे. त्याचा दोन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा ७६ इंच म्हणजे १.९३ मीटर व्यासाचा असतो आणि मिनिटाला २७०० फेरे मारतो. आपलं लक्ष नेहमी पंखांकडे आणि इंजिनाकडे जातं, पण विमानाच्या सगळ्यात जास्त ताण सोसणाऱ्या भागांपैकी एक त्याच्या नाकावर फिरत असतो.

म्हणूनच धातूचा पंखा उतरवून कॉम्पोझिटचा, म्हणजे लाकूड, काचतंतू किंवा कार्बन फायबर रेझिननं सांधून केलेला पंखा बसवणं, ही हौसेची रंगरंगोटी नव्हे. पंखा बदलला की उड्डाण, चढण, आवाज, थरथर, नाकाचं वजन आणि कागदपत्रं, सगळ्याला हात लागतो.

आवाज इंजिनाचा नव्हे, टोकाचा

त्याच सेसनाच्या पात्याचं टोक ताशी सुमारे ९८० किलोमीटरनं फिरतं. ध्वनीच्या वेगाच्या ८० टक्के! विमान मात्र समुद्रसपाटीवर जास्तीत जास्त ताशी २३३ किलोमीटरनं जातं. डोक्यावरून छोटं विमान गेलं की जी घरघर ऐकू येते, तिच्यातला मोठा वाटा या टोकांचा असतो. टोक ध्वनीच्या वेगाजवळ सरकलं की गोंगाट झपाट्यानं वाढतो आणि ताकद वाया जाते.

ही मर्यादा मुद्दाम ओलांडून पाहिली ती अमेरिकेनं. १९५५ मध्ये उडालेल्या एक्सएफ-८४एच या प्रायोगिक विमानाच्या पात्यांची टोकं ध्वनीपेक्षा वेगानं फिरायची. जमिनीवर उभ्या कर्मचाऱ्यांना त्या आवाजानं मळमळायचं, डोकं दुखायचं. ‘थंडरस्क्रीच’ हे त्याचं टोपणनाव. अशी विमानं दोनच बनली.

उपाय सोपा वाटतो. पंख्याचा व्यास कमी करायचा आणि पाती वाढवायची. पण ॲल्युमिनियमचं एक पातं वाढलं की नाकावर वजनही वाढतं. इथे कॉम्पोझिट बाजी मारतं. जर्मनीत छोट्या विमानांच्या आवाजाचे नियम फार कडक आहेत. त्यामुळे तिथल्या बव्हेरियातल्या एमटी-प्रोपेलर कंपनीचे तीन आणि चार पात्यांचे हलके पंखे जुन्या विमानांवर मोठ्या संख्येनं चढले. गंमत म्हणजे या आधुनिक पात्यांच्या पोटात आजही लाकूडच असतं. बाहेरून काचतंतू किंवा कार्बनचं आवरण, पुढच्या धारेवर धातूची पट्टी आणि आत थर चिकटवून केलेलं लाकूड.

लाकूड काही म्हातारं झालं नाही

राइट बंधूंनी १९०३ मध्ये स्प्रूस लाकडाचे थर चिकटवून साडेआठ फुटी पंखे हातानं कोरले. पंखा म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंख, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्या पंख्यांच्या प्रतिकृती आजच्या काळात तपासल्या, तेव्हा कार्यक्षमता ७५ टक्क्यांच्या वर निघाली. शिवाय टोकं चिरू नयेत म्हणून त्यांनी तिथे कापड चिकटवलं होतं. लाकूड, कापड आणि डिंक! कॉम्पोझिटची कल्पना पहिल्या विमानाइतकीच जुनी आहे, असं मी तरी बेधडक म्हणेन.

ओहायोतल्या हार्टझेल कुटुंबाचा अक्रोडाच्या लाकडाचा धंदा होता. या लाकडाचे पंखे करा, असं त्यांना सुचवणारा शेजारी होता खुद्द ऑर्व्हिल राइट! १९१७ मध्ये सुरू झालेली ही कंपनी पुढे धातूकडे वळली आणि १९७८ मध्ये कासा २१२ या विमानासाठी तिनं कॉम्पोझिट पाती दिली. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक स्पिटफायर विमानांवरही दाबून घट्ट केलेल्या लाकडाची पाती होती.

कानस घेऊन बसलेला मेकॅनिक

ॲल्युमिनियमचं पातं मजबूत, स्वस्त आणि ओळखीचं. त्याचा शत्रू मात्र असतो खडा. धावपट्टीवरचा एखादा खडा उडून धारेवर बसतो, नखाएवढी खाच पडते आणि ताण नेमका त्या खाचेत गोळा होतो. तिथून धातूला थकव्याची चीर जाऊ शकते. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक धारेवरून नजर फिरवतो. खाच दिसलीच तर मेकॅनिक बारीक कानस घेऊन बसतो, खाचेच्या दोन्ही कडांना लांबट उतार देतो आणि पॉलिश पेपरनं कानशीचा ओरखडाही घालवतो. तो ओरखडा ठेवला, तर तीच नवी खाच. असं घासत घासत पातं झिजतं. ठरलेल्या मापाखाली गेलं की भंगारात.

शिवाय इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धातूचं पातं थरथरतं. काही विमानांत इंजिन आणि पंख्याची जोडी अशी जमते की ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यात फार वेळ राहायलाच मनाई असते. फेरे दाखवणाऱ्या मापकावर त्यासाठी रंगीत पट्टा काढलेला असतो. लाकडी गाभ्याचं पातं ही थरथर अंगात जिरवतं, म्हणून अशा पंख्यामुळे तो पट्टा अनेकदा पुसला जातो. माझ्या मते अपग्रेडचा हा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि जाहिरातीत तो सर्वांत शेवटी येतो!

मग वेग किती वाढेल?

पहिला प्रश्न हाच येतो, आणि उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो. तीन पाती म्हणजे जास्त वेग, असं समीकरण नाही. समतल उड्डाणात चांगली दोन पाती अनेकदा तीन पात्यांना मागे टाकतात. तिसरं पातं कामाला येतं ते उड्डाण घेताना, चढताना आणि पंखा जमिनीपासून थोडा उंच ठेवताना. कमीत कमी पाती किती? एक! १९३० च्या दशकात एव्हरेल नावाचा एकाच पात्याचा पंखा निघाला होता. दुसऱ्या बाजूला नुसतं तोलाचं वजन, आणि तो छोट्या कब विमानांवर उडालाही.

खरी चावी असते पात्याच्या पिळात, म्हणजे पिचमध्ये. सेसनाच्या पंख्याच्या नावात ७६६० असा आकडा असतो. ७६ इंच व्यास आणि ६० इंच पिच. स्क्रू लाकडात शिरतो तसा पंखा हवेत शिरला, तर एका फेऱ्यात ६० इंच पुढे जाईल. २७०० फेऱ्यांना हे होतात ताशी २४७ किलोमीटर. हवा लाकडासारखी घट्ट नसते, म्हणून प्रत्यक्षात विमान थोडं मागे राहतं. पिच कमी ठेवला तर चढण झकास, वाढवला तर पल्ल्याचा वेग चांगला. दोन्ही हवं असेल, तर उडताना पिच बदलणारा पंखा घ्यावा लागतो. तेव्हा पंखा निवडण्याआधी आपली धावपट्टी आखूड आहे की आपला प्रवास लांबचा, ते ठरवा.

हलकेपणाचंही तसंच. नाकावरचं वजन घटलं की विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. कुठे ते बरं, कुठे नको. पंखा बदलल्यावर वजन आणि तोलाचा तक्ता नव्यानं मांडावाच लागतो. जड पंखा फ्लायव्हीलचंही काम करतो, त्यामुळे फार हलका पंखा लावला की काही इंजिनं मंद गतीला खडखडतात. याउलट रोटॅक्स ९१२ या इंजिनाला गिअरबॉक्स आहे, त्यामुळे त्याला जडपणाचंच वावडं. त्याच्या पंख्याच्या जडत्वाला ६००० किलो-चौरस सेंटिमीटर ही मर्यादा आहे. म्हणून छोट्या स्पोर्ट विमानांवर कार्बनचे पंखे इतके शोभतात.

पक्षी, वीज आणि एक नाणं

कॉम्पोझिट पात्याला परवानगी सहज मिळत नाही. अमेरिकी नियमांनुसार हब, म्हणजे पाती बसवलेला मधला भाग, आणि पात्याची पकड कमाल ओढीच्या दुप्पट भाराखाली तासभर टिकली पाहिजे. १.८ किलोचा पक्षी आणि विजेचा तडाखा सोसायचा तो वेगळाच. पुढे, ठरावीक विमानावर ठरावीक पंखा चालेल याचं पूरक प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे डीजीसीएची, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाची, मंजुरी हवी. बाजारात दिसला, आवडला आणि लावला, असं चालत नाही.

देखभालीतली सर्वांत लोभस गोष्ट म्हणजे नाण्याची चाचणी. कॉम्पोझिटचे थर आतून सुटले, तर वरून काही दिसत नाही. म्हणून मेकॅनिक धातूचं नाणं घेऊन पात्यावर इंच-इंच टकटक करत जातो. थर पक्के असतील तर आवाज खणखणीत येतो, सुटले असतील तिथे बद्द. बाजारात माठ वाजवून घेणाऱ्या आजीचा कान इथे उपयोगी पडला असता!

धातूचे दिवस संपले, असं मात्र कुणी समजू नये. १९८६ मध्ये व्हॉयेजर विमान वाटेत कुठेही इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणेला निघणार होतं. विमानाचं अख्खं अंग कॉम्पोझिटचं. सप्टेंबरमधल्या चाचणीत त्याच्या पंख्याचं एक पातं हवेतच निखळलं. विमान सुखरूप उतरलं, आणि हार्टझेलनं घाईघाईनं ॲल्युमिनियमचे पंखे तयार केले. डिसेंबरात डिक रुटान आणि जीना येगर यांनी त्याच धातूच्या पंख्यांवर नऊ दिवसांत प्रदक्षिणा पुरी केली.

आपल्या अंगणातली पाती

गोंदियाच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेतले विद्यार्थी डायमंड डीए-४२ हे दोन इंजिनांचं विमान चालवायला शिकत आले आहेत. त्याला कारखान्यातूनच एमटीचे तीन पात्यांचे लाकूड-कॉम्पोझिट पंखे येतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेच्या हंसा-३ लाही जर्मन बनावटीचा कॉम्पोझिट पंखा आहे. गोव्याहून जळगावला एटीआर ७२-६०० नं गेला असाल, तर खिडकीबाहेर फिरणारी सहा पातीही कॉम्पोझिटचीच होती. ३.९३ मीटर व्यासाची!

एक कळकळीची विनंती. फ्लाइंग क्लबात किंवा प्रदर्शनात छोट्या विमानाजवळ उभे राहिलात, तर पंखा हातानं फिरवून पाहू नका, मुलांनाही फिरवू देऊ नका. या विमानांच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत ठिणगी मॅग्नेटोतून येते, तिला बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो बंद करणारी एखादी वायर सुटलेली असेल, तर किल्ली वैमानिकाच्या खिशात असतानाही इंजिन सुरू होऊ शकतं. पातं धातूचं असो की कार्बनचं, ते फिरणारच आहे असं समजून चार हात लांबूनच पाहा.