कानस खाली ठेवायची का? मिलिंगच्या जॉबची बर मशीनवरच काढण्याचा हिशेब

भोर/वेल्हे : नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर सकाळी कंपनीच्या गाडीची वाट बघणाऱ्या पोरांत वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातली आणि भोरच्या खोऱ्यातली बरीच असतात. कोणी वेळू-खेड शिवापूरच्या वर्कशॉपला जातो, कोणी सारोळ्याचा नीरेचा पूल ओलांडून शिरवळला. आयटीआय झालेला असो वा बारावी, मशीन शॉपमध्ये नव्या पोराच्या हातात बहुतेक वेळा पहिली वस्तू येते ती कानस. 'बर काढ' एवढंच सांगितलं जातं. दिवसभर कडा घासायच्या, बोटं कापून घ्यायची आणि शेजारच्या सीएनसी मशीनकडे बघत राहायचं.

ही बर मशीनवरच काढता येते. त्यासाठी वेगळं मशीन लागत नाही, चॅम्फरचं एक टूल आणि नीट लिहिलेला प्रोग्राम लागतो. पण 'नीट' या शब्दातच सगळी गोम आहे. अनेक ठिकाणी हा प्रोग्राम लिहिलेला असतो, तरी जॉब परत कानशीखाली येतोच. का येतो, ते समजून घेऊ.

बर येते कुठून?

कळकावर कोयता मारला की शेवटची साल तुटत नाही, ओढली जाते आणि लोंबत राहते. धातूचंही तसंच. टूल कडेपाशी पोचलं की पुढं आधार द्यायला धातूच उरत नाही. मग शेवटचा पातळ थर कापला जाण्याऐवजी वाकतो आणि कडेला पापुद्र्यासारखा चिकटून राहतो. तीच बर. म्हणून टूल जिथून बाहेर पडतं त्या बाजूला ती जास्त असते. ड्रिल आरपार गेलं की भोकाच्या खालच्या तोंडाला हात लावून बघा. टूल बोथट असेल तर बर आणखी जाड येते. बोथट विळ्यानं भात कापताना ताट तुटण्याऐवजी ओढलं जातं, तोच प्रकार.

दिसायला एवढीशी असली तरी ती फार नडते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हमध्ये बरेचा तुकडा सुटला तर तो तेलाबरोबर फिरतो आणि कुठंतरी अडकतो. धारदार कडेवरून रबरी रिंग बसवली तर ती चिरते आणि तेल गळायला लागतं. दोन भाग एकमेकांवर नीट टेकत नाहीत. म्हणूनच ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'सगळ्या तीक्ष्ण कडा मोडा' अशी टीप असते आणि बऱ्याचदा पुढं माप दिलेलं असतं. कडेची अवस्था ड्रॉइंगवर कशी दाखवायची यासाठी आयएसओ १३७१५ हे वेगळं जागतिक मानकच आहे. त्यात बाहेरच्या कडेला उणे चिन्ह असेल तर तिथला धातू काढायचा, अधिक असेल तर तेवढी बर चालेल, असा अर्थ होतो. हे चिन्ह वाचता न आल्यानं गरज नसलेल्या कडेवर तासभर कानस चालवणारे आहेत आणि गरजेची कड तशीच सोडणारेही आहेत.

टोकावर कापू नका

चॅम्फरचं टूल पेन्सिलच्या टोकासारखं असतं. नेहमीचं टूल ९० अंशांचं, म्हणजे दोन्ही बाजूंना ४५-४५. समजा ०.३ एमएमची कड मोडायची आहे. नवा माणूस सरळ टोक ०.३ खाली उतरवतो आणि कडेच्या रेषेवरून फिरवतो. कागदावर हिशेब बरोबर आहे, पण जॉबवर बर जात नाही, उलट नवी येते.

कारण कापण्याचा वेग. टूल मिनिटाला ६००० फेरे फिरत असलं तरी अगदी टोकाचा व्यास शून्य, म्हणजे तिथला वेगही शून्य. ०.३ वर चढून व्यास होतो ०.६ आणि वेग जेमतेम मिनिटाला ११ मीटर. म्हणजे कड कापली जात नाही, रगडली जाते. बैलगाडीच्या चाकाचं बघा, चाकाचा मधला भाग जवळजवळ जागेवरच फिरतो आणि धाव पळत असते.

उपाय सोपा आहे. टूल आणखी खाली उतरवायचं आणि तेवढंच बाजूला सरकवायचं. टोकाला धार असलेलं टूल ३ एमएम खाली घेतलं तर जॉबच्या वरच्या पातळीला त्याची त्रिज्या ३ भरते. चॅम्फर ०.३ हवा, म्हणून टूलचा मध्य भिंतीपासून २.७ दूर ठेवायचा. खोली वजा चॅम्फर, एवढंच गणित. आता कापणारा भाग ५.४ ते ६ एमएम व्यासाचा आहे आणि त्याच ६००० फेऱ्यांत वेग मिनिटाला १०० मीटरच्या वर जातो. ना मशीन बदललं ना टूल, बदलले फक्त दोन आकडे.

मात्र टोक ३ एमएम खाली गेलंय हे विसरायचं नाही. खाली पायरी असेल, खिशाचा तळ उथळ असेल किंवा शेजारी दुसरी भिंत असेल तर टोक तिथं घुसेल. जागा कमी असेल तर २ घ्या, दीड घ्या. खिशाच्या कोपऱ्याची त्रिज्या त्या २.७ पेक्षा मोठी आहे ना, हेही बघा. नसेल तर टूल कोपरा खाईल.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. बाजारातल्या बहुतेक चॅम्फर टूलचं टोक सुईसारखं नसतं, थोडं सपाट असतं. टोक १ एमएम व्यासाचं सपाट असेल तर त्रिज्येत ०.५ वाढतो. ३ एमएम खोलीला वरची त्रिज्या ३ नाही, ३.५ होते आणि मध्य ३.२ दूर ठेवावा लागतो. २.७ च ठेवला तर ०.३ च्या जागी ०.८ चा चॅम्फर पडतो आणि जॉब थेट भंगारात. म्हणून टूल हातात घेऊन भिंगाखाली टोक बघितल्याशिवाय आकडा टाकू नये. डबीवर लिहिलेलं असतं, पण डब्यांची अदलाबदल होतेच.

उंचीचंही तसंच आहे. ४५ अंशांत टूलची लांबी ०.१ नं चुकली की चॅम्फरही ०.१ नं चुकतो. ०.३ मधले ०.१ गेले म्हणजे तिसरा हिस्सा गेला. त्यामुळं ज्या पकडीत कड मोडायची त्याच पकडीत वरचा फेस मारून घेतलेला बरा. काळ्या, न मारलेल्या फेसवर उंची धरून चॅम्फर मारणं म्हणजे अंदाजपंचे.

मशीनला रस्ता कसा सांगायचा

फॅनकसारख्या कंट्रोलरवर ड्रॉइंगमधली कडेची रेषाच प्रोग्राममध्ये लिहावी आणि २.७ हा आकडा ऑफसेटच्या पानावर 'डी' मध्ये ठेवावा. जी ४१ दिला की मशीन स्वतःच टूल तेवढं डावीकडं सरकवतं. मग चॅम्फर मोठा वाटला तर 'डी' वाढवा, लहान वाटला तर कमी करा. प्रोग्रामला हात लावायची गरज नाही. जी ४१ मध्ये बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं आणि खिशाची आतली कड उलट दिशेनं फिरवली की टूल जाड चिप घेऊन शिरतं आणि पातळ होत बाहेर पडतं. त्यानं बर कमी येते.

जी ४१ सुरू करताना हालचाल सरळ रेषेत हवी. गोल हालचालीत सुरू केला तर फॅनक अलार्म देतो. आधी सरळ या, मग छोट्या कमानीनं कडेला टेका. काटकोनात जाऊन आदळलात तर टूल क्षणभर तिथं थांबतं आणि कडेवर खूण राहते. शेवटी सुरुवातीच्या जागेच्या एक-दोन एमएम पुढं जाऊन मगच बाहेर पडा, नाहीतर सांध्यावर बरेचं एक टोक उभं राहतं. नेमकं तेच बोटात घुसतं.

चॅम्फर मारल्यावरही दोन्ही बाजूंना बारीक बर उरते. धारदार टूल असेल तर ती नखाला जेमतेम लागते. तीही नको असेल तर चॅम्फरनंतर फिनिशचं टूल त्याच मापावर, नवीन कट न देता एकदा भिंतीवरून फिरवतात. वेळ लागतो, म्हणून तेलाच्या वाटा किंवा सीलची जागा असेल तिथंच करावं.

टूलची धार गेली तरी लगेच फेकू नका. खोली ३ ची ३.५ करा आणि 'डी' २.७ चा ३.२ करा. दोन्ही सारखेच वाढल्यानं चॅम्फर तेवढाच राहतो आणि धारेचा नवा भाग कामाला येतो. विळ्याचं टोक बोथट झालं की मुठीकडच्या धारेनं कापतात, तसंच हे. ८ एमएमच्या टूलमध्ये अशा दोन-तीन जागा सहज मिळतात. खाली जागा आहे ना, तेवढं परत तपासा.

वेळ कुठं जातो?

कड मोडताना कट अगदी हलका असतो, तरी प्रोग्रामर घाबरून फीड कमी ठेवतात. चार दातांचं टूल, ६००० फेरे, दाताला ०.०३ धरले तर फीड ७२० येतो. ४०० एमएमची कड फिरायला ३३ सेकंद. मशीन आणि पकड भक्कम असेल आणि दाताला ०.०६ घेता आले तर फीड १४४० आणि वेळ १७ सेकंद.

पण खरा वेळ हवेत जातो. एका जॉबवर २४ भोकांच्या कडा आहेत आणि टूल प्रत्येक वेळी १०० एमएम वर जाऊन परत खाली येतं, असं समजा. जाण्यायेण्याचे २०० धरले तर २४ वेळचे ४८०० एमएम झाले. मशीनची रॅपिड चाल मिनिटाला २४ मीटर असली तरी नुसत्या चढ-उतारात १२ सेकंद गेले. दिवसाला ३०० जॉब निघत असतील तर तो बरोबर एक तास. मध्ये क्लॅम्प नसेल तर २ एमएम उचललं तरी पुरतं. ड्रिलच्या सायकलमध्ये जी ९८ च्या जागी जी ९९ दिला की टूल सुरुवातीच्या उंचीवर न जाता जवळच्या पातळीवरच थांबतं. क्लॅम्प असेल तिथं मात्र जी ९८ च ठेवा, एका तासापायी स्पिंडल गमावू नका.

भोकांसाठी तर वेगळा चॅम्फर मारायचीच गरज नसते. ८ एमएमचं भोक आणि ०.३ चा चॅम्फर हवा असेल, तर ९० अंशांचं टोकदार स्पॉट ड्रिल आधीच ४.३ खाली उतरवा. वर ८.६ चा खळगा पडतो. नंतर ८ चं ड्रिल गेलं की कड आपोआप मोडलेली मिळते आणि एक टूल बदलायचं वाचतं. खालच्या तोंडाची बर मात्र उरतेच. ती जॉब उलटा करून किंवा खालून कापणाऱ्या टूलनं काढावी लागते.

कास्टिंगच्या जॉबला हे सगळं जसंच्या तसं लागू पडत नाही. ओतीव कड अर्धा एमएम इकडं-तिकडं असली तर मशीन ठरल्या रेषेनंच जाणार, एकीकडं चॅम्फर जाड आणि दुसरीकडं हवेत. तिथं स्प्रिंगवर डोलणारं टूल किंवा घासणारा नायलॉन ब्रश वापरतात.

मग कानस गेली का?

नाही, आणि इथं मालकांनीही हिशेब करावा. एका जॉबची सायकल चार मिनिटांची असेल तर तेवढा वेळ ऑपरेटर उभाच असतो. आधीच्या जॉबच्या सोप्या कडा त्यानं तेवढ्यात हातानं काढल्या तर जास्तीचा खर्च शून्य. त्याच कडा मशीनवर घेतल्या तर सायकल वाढते, आणि मशीनचा तास माणसाच्या तासापेक्षा महाग असतो. म्हणून हात पोचत नाही ती कड, सगळीकडं एकसारखी हवी ती कड आणि हात कापणारी लांब कड मशीनला द्यावी. सगळंच मशीनवर टाकणारा प्रोग्राम दिसायला भारी असतो, परवडतोच असं नाही.

कुठल्या कडेला बर जाड येते, कुठल्या कोपऱ्यात कानस जात नाही, टूल किती जॉबनंतर ओढायला लागतं, हे एसीत बसलेल्या प्रोग्रामरपेक्षा कानस चालवणाऱ्या पोराला जास्त ठाऊक असतं. रोज हात लागतो ना! त्यानं ते आठ दिवस वहीत टिपून ठेवलं तर निम्मा प्रोग्राम तिथंच तयार होतो. उरलेलं शिकायला फ्रीकॅड हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या कॅम विभागात कडा मोडण्याचं 'डीबर' हे वेगळं काम दिलेलं आहे, त्यात चॅम्फरची रुंदी आणि जादा खोली असे दोन आकडे टाकायचे असतात. वर सांगितलेलं गणित तेच. ते मोबाइलवर चालत नाही, कॉम्प्युटर लागतो.

पहिल्यांदा प्रोग्राम चालवताना टूल जॉबच्या ५० एमएम वर ठेवून, एकेक ओळ करत, हात फीडच्या बटणावर ठेवून बघा. मग खाली घ्या आणि पहिला जॉब काढा. स्पिंडल पूर्ण थांबल्याशिवाय जॉबला हात लावू नका, आणि फिरत्या टूलजवळ हातमोजे तर अजिबात नकोत. जॉब बाहेर काढून पुसला की कापसाचा बोळा कडेवरून हलकेच फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं अजून बर आहे.