न्यायासनाची निवडणूक आणि कोळशाचा पैसा

न्यायाधीशाने मते मागत मतदारांच्या दारी जावे, ही कल्पना आपणा भारतीयांस विलक्षण वाटेल. अमेरिकेत मात्र ती पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. तेथील केंद्रीय न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात. परंतु बहुसंख्य राज्यांतील न्यायाधीशांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपात मतदारांसमोर जावे लागते. आपले सर्व न्यायाधीश निवडणुकीने नेमणारे पहिले राज्य मिसिसिपी, वर्ष १८३२. सत्ताधाऱ्यांनी आपल्या मर्जीतील माणसे न्यायासनावर बसवू नयेत, हा त्यामागील हेतू होता आणि तो मुळीच वाईट नव्हता. प्रश्न उद्भवला तो पुढे, निवडणुकीस पैसा लागू लागला तेव्हा.

वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचे राज्य. तेथे ह्यू केपरटन नावाच्या लहान खाणमालकाने मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीविरुद्ध दावा लावला. करार मोडून मॅसीने आपला धंदा बुडविला, अशी त्याची तक्रार होती. २००२ साली ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल देऊन पाच कोटी डॉलर नुकसानभरपाई ठरविली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होते आणि तेथील पाचांपैकी एका जागेची निवडणूक २००४ साली होती.

मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. उमेदवाराच्या समितीला थेट देणगी देण्याची कायदेशीर मर्यादा केवळ एक हजार डॉलर होती. ती त्यांनी पाळली. उर्वरित रक्कम स्वतंत्र गटामार्फत व जाहिरातींतून खर्च झाली. बेंजामिन यांच्या अन्य सर्व समर्थकांच्या एकत्रित खर्चापेक्षा ही रक्कम अधिक होती. जाहिरातींत कोळशाचा उल्लेखही नव्हता. विद्यमान न्यायमूर्ती मॅकग्रॉ हे बालकांवर अत्याचार करणाऱ्याशी सौम्यपणे वागले, असा त्यांचा सूर होता. (मतदार कशाने हलतो, हे जाहिरातदारांस आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते!) मॅकग्रॉ पराभूत झाले.

पुढे अपील सुनावणीस आले. बेंजामिन यांनी या खटल्यातून बाजूस व्हावे, अशी विनंती केपरटन यांनी वारंवार केली. बेंजामिन यांनी ती दर वेळी नाकारली. २००७ साली निकाल लागला: तीन विरुद्ध दोन, मॅसीच्या बाजूने. मग दुसरेच प्रकरण उघडकीस आले. याच न्यायालयातील आणखी एक न्यायमूर्ती ब्लँकेनशिप यांच्यासमवेत फ्रान्सच्या समुद्रकिनारी असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. ते बाजूस झाले. ब्लँकेनशिप यांच्यावर जाहीर टीका करणारे दुसरे न्यायमूर्तीही बाजूस झाले. बेंजामिन मात्र राहिले. २००८ साली फेरसुनावणीत निकाल पुन्हा तीन विरुद्ध दोन असाच लागला.

८ जून २००९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा निकाल रद्द केला. न्यायमूर्ती केनेडी यांच्या निकालपत्राचे मर्म नीट ध्यानी घ्यावे. बेंजामिन प्रत्यक्षात पक्षपाती होते, असे त्यांनी म्हटले नाही. बेंजामिन यांनी इतर काही प्रकरणांत मॅसीविरुद्ध मतही दिले होते. परंतु आपल्या मनात पक्षपात आहे काय, याचा निर्णय न्यायाधीशाने स्वतःच करावयाचा, तर त्याची तपासणी दुसरा कोणी करू शकत नाही. म्हणून वस्तुस्थिती बाहेरून पाहावी: पैसा किती, तो कोणत्या वेळी आला आणि खटला तेव्हा कोठवर आला होता. विरोधी मत देणारे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी चाळीस प्रश्न उपस्थित केले. किती रक्कम म्हणजे फार, हा त्यांचा प्रश्न आमच्या मते रास्त आहे; त्याचे नेमके उत्तर निकालात नाही.

केपरटन यांना मात्र त्याने पैसा मिळाला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये बेंजामिन यांच्याविना बसलेल्या न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी पुन्हा मॅसीच्या बाजूनेच निकाल दिला. करारानुसार हा दावा व्हर्जिनिया राज्यात चालावयास हवा होता, असे कारण दिले. तरीही या निकालावर तीस लाख डॉलरची छाया नव्हती, एवढा फरक आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

वेस्ट व्हर्जिनियाने पुढे या निवडणुकांसाठी सरकारी निधीची सोय केली आणि २०१५ साली मतपत्रिकेवरून पक्षांची नावे काढण्याचा कायदा केला. २०१६ साली बेंजामिन यांनी हाच सरकारी निधी घेऊन निवडणूक लढविली आणि ते हरले. बाहेरील गटांचा पैसा त्या निवडणुकीतही आलाच. २०२५ साली विस्कॉन्सिन राज्यात सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी झालेला एकूण खर्च सुमारे दहा कोटी डॉलरवर गेला. तेथे इलॉन मस्क यांनी ज्याच्यामागे पैशाचे बळ उभे केले, तो उमेदवार पडला. निवडून आलेल्या न्यायमूर्तींमागेही श्रीमंत देणगीदार होतेच.