संगणकाची लहानमोठी पाने

श्रोतेहो, कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, हा कारभार संगणकात कर्नेलचा. वाटप पानांनी होते. नेहमीचे पान ४ केबीचे. लिनक्सने २०११ साली अशी ५१२ पाने मिळून होणारे २ एमबीचे मोठे पान आपणहून देण्यास सुरुवात केली. हिशेब कमी, म्हणून काम जलद.

पण एवढी सलग जागा मिळायची कुठून? पंगतीत मधली मधली पाने रिकामी असावीत आणि दहा पाहुण्यांना शेजारी शेजारीच बसायचे असावे, तसे झाले. बसलेल्यांना सरकवणे आले. तोवर मागणारा प्रोग्रॅम खोळंबे. बंद पडत नसे, नुसता अडखळे. असे दुखणे लवकर सापडत नाही हो! काही डेटाबेसवाल्यांनी तर सोय बंदच ठेवा म्हणून सांगितले.

कित्येकांना तिचा लाभ होता, तेव्हा ती काढली नाही. २०१६ साली, ४.६ या आवृत्तीत, एवढेच ठरले की मागताक्षणी सरकवासरकव करायची ती मोठे पान हवे असे सांगणाऱ्यापुरतीच. इतरांना तयार असेल तर मोठे, नाहीतर लहान.

गुरुजी, शाळेत लिनक्सचा संगणक असल्यास ही नोंद मुलांना उघडून दाखवा. चालू असलेला पर्याय चौकोनी कंसात दिसेल.